सहकुटुंब स्थलदर्शन : नगर जिल्ह्यांतील एका प्रघाताचें परीक्षण

[१] ग्रंथांचें परीक्षण करण्याचा प्रघात आपणांमध्यें जुना आहे. ग्रंथकारानें कोणतीं साधनें वापरलीं, तीं कशीं पारखलीं, अस्सल कागद व दंतकथा यांत भेद केला कीं नाहीं, हें पाहून आपण त्याच्या कृतीचें मोल ठरवितों. परंतु ज्या मार्गानें आज सामान्य माणसाच्या मनांत इतिहास उतरतो त्या मार्गाचें परीक्षण क्वचितच होतें. तो मार्ग म्हणजे सहकुटुंब केलेली एक दिवसाची सहल. रविवारीं किंवा दिवाळीच्या सुट्टींत आईबाप मुलांस घेऊन सकाळीं निघतात, एखादा किल्ला, एखादी कबर, एखादें संग्रहालय पाहून दिवेलागणीस घरीं परततात. ज्यानें बखरीचें किंवा तवारिखेचें पान जन्मांत उघडलें नाहीं, त्याला इतिहासाची जी कांहीं ओळख होते ती बहुधा अशाच दिवशीं होते. तेव्हां ही सहलहि एक प्रकारचा ग्रंथच मानला पाहिजे. स्थळें हे तिचे अध्याय, आणि तेथली पाटी, वाटाड्या अथवा स्वतः बाप हा तिचा भाष्यकार. ग्रंथास जी कसोटी आपण लावितों तीच येथें लावून पाहाण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

[२] परीक्षणासाठीं नगर जिल्हा निवडला आहे. अहमदनगर या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. बोलण्यांत तें पूर्वींपासून नगर एवढेंच आहे व पुढेंहि बहुधा तसेंच राहील. हा जिल्हा निवडण्याचें कारण असें कीं, एका दिवसाच्या टप्प्यांत इतक्या निरनिराळ्या काळांचे अवशेष दुसरीकडे सहसा एकत्र सांपडत नाहींत. ताम्रपाषाणयुगांतील वसाहती प्रवरेच्या कांठीं, ज्ञानेश्वरीची जन्मभूमि नेवाशास, निजामशाहीची राजधानी खुद्द नगरास, १७९५ सालचें रणांगण खर्ड्यास, अहिल्याबाईंचें जन्मस्थान जामखेड तालुक्यांत चौंडीस, आणि १९४२ च्या लढ्यांतील पुढाऱ्यांचा बंदिवास पुनः नगरच्या किल्ल्यांत. सामग्रीची वाण नाहीं. मग ती मुलांच्या पदरांत कशा रूपानें पडते, हें पाहाणें अगत्याचें आहे.

प्रस्तुत लेखकानें गेल्या कांहीं वर्षांत मुलें व नातवंडें यांसह अशा सहली वारंवार केल्या आणि इतर कुटुंबें काय पाहातात, काय विचारतात, हेंहि लक्षपूर्वक पाहिलें. नगरच्या एका दिवसाचा क्रम साधारणतः असा असतो : प्रथम रणगाड्यांचें संग्रहालय, कारण मुलांचा हट्ट, मग किल्ला, आणि त्यांत पंडित नेहरूंची खोली, मग भोजन, उतरत्या उन्हांत डोंगरावरील ‘चांदबिबीचा महाल’, आणि वेळ उरलाच तर शहरांतील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय. वेळ बहुधा उरत नाहीं. हा क्रमच आमच्या मतें या ग्रंथाचा पहिला दोष आहे. पण त्याचा विचार पुढें करूं. आधीं एकेक अध्याय पाहूं.

[३] शाह डोंगरावरची ती इमारत पाथर्डीच्या वाटेवर दुरूनच दिसूं लागते. अष्टकोनी, घुमटाची, भोंवतीं तीन मजली ओवऱ्या असलेली, साध्या दगडाची आणि म्हणूनच भारदस्त. पायथ्याशीं कोणासहि विचारा, ‘चांदबिबीचा महाल’ हेंच नांव मिळेल. गाडीवाला तेंच म्हणतो, मुलांच्या निबंधांत तेंच येतें. वस्तुतः ही इमारत महाल नव्हे आणि चांदबिबीचीहि नव्हे. मुर्तजा निजामशाह पहिला याचा वजीर सलाबतखान दुसरा याची ती कबर होय. त्यानें ती आपल्याकरितां बांधून ठेविली होती. सलाबतखान १५८९ च्या सुमारास वारला. त्याच्या वजिरीचा काळ आणि चांदबिबीचा काळ ताडून पाहिले तर घोटाळा तात्काळ ध्यानांत येतो. चांदबिबी हुसेन निजामशाहाची कन्या, पण लग्न होऊन ती विजापुरास गेली. पति अली आदिलशाह १५८० सालीं मारला गेल्यावरहि कांहीं वर्षें ती विजापूरच्याच राजकारणांत गुंतलेली होती. नगरच्या इतिहासांतील तिचा खरा पराक्रम १५९५-९६ च्या वेढ्यांतला, म्हणजे सलाबतखान मातीआड झाल्यानंतरचा आहे, आणि तो डोंगरावर नव्हे, किल्ल्याच्या तटावर घडला.

येथें एक घरगुती प्रसंग नमूद करितों. नऊ वर्षांची नात बरोबर होती. वाटेनें तिला ‘महाल’ असें सांगितलें गेलें होतें. इमारतीच्या तळघरांत कबरी आहेत हें कळतांच तिनें विचारलें, ‘‘आजोबा, महालांत थडगीं कशीं?’’ बरोबरच्या मोठ्या माणसांपैकीं एकानें तिला उत्तर दिलें कीं, चांदबिबी येथेंच राहात होती आणि येथेंच वारली. असें उत्तर देणारा मनुष्य शिकलेला, सालस आणि मुलांवर प्रेम करणारा होता. त्याचा दोष एवढाच कीं, त्याला कोणीं दुसरें कांहीं सांगितलें नव्हतें. परंतु त्या मुलीनें जो प्रश्न विचारला तो संशोधकाचा प्रश्न होता. नांव एक सांगतें आणि वास्तु दुसरें सांगते, तर त्यांतलें खोटें कोणतें? हा प्रश्न ज्या क्षणीं उपजला त्याच क्षणीं तो मारला गेला. या सहलींत जें खरोखर पणास लागलेलें असतें तें हेंच. एखादी सनावळी चुकली तर ती पुढें सुधारतां येते. विचारण्याची संवय एकदां मोडली म्हणजे ती परत लागणें कठीण.

[४] यावर कोणी म्हणेल कीं, लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव आहे, त्यांत एका शूर स्त्रीचें स्मरण होतें, मग बिघडलें कोठें? या आक्षेपास वजन आहे आणि तो उडवून लावणें योग्य होणार नाहीं. लोकांनीं दिलेलें नांव हेंहि एक साधन आहे. वजिराचें नांव लोक विसरले आणि तट राखणाऱ्या बाईचें नांव डोंगरावर, जेथून तें सगळ्या प्रांतास दिसेल, तेथें नेऊन ठेविलें, ही गोष्ट लोकांच्या मनाविषयीं पुष्कळ सांगून जाते. ही दंतकथा खोडून काढावी असें आमचें म्हणणें नाहीं; ती दंतकथा म्हणून सांगितली जावी, एवढेंच आहे. ‘लोक यास चांदबिबीचा महाल म्हणतात; आहे ती सलाबतखानाची कबर’ एवढ्या दोन वाक्यांत दोघांचाहि मान राहातो, आणि मुलास तिसरा प्रश्न विचारण्यास वाव मिळतो कीं, मग लोक असें कां म्हणूं लागले?

शिवाय नांवांविषयीं आपण हल्लीं फार बोलतों म्हणून एक भेद स्पष्ट करणें जरूर आहे. शासनानें बदललेल्या नांवास तारीख असते, ठराव असतो. तो बदल कोणास रुचो वा न रुचो, शंभर वर्षांनंतरचा अभ्यासक तो कधीं व कोणीं केला हें काढूं शकेल. कर्णोपकर्णीं झालेल्या बदलास असा कागद नसतो. म्हणून त्याची नोंद ठेवण्याची जबाबदारी अधिक आहे, आणि ती आपल्यासारख्यांवर आहे.

[५] चांदबिबीच्या नांवास अनुलक्षून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पोथीसंग्राहकांच्या जिव्हाळ्याची आहे. तिची आई खुंजा हुमायून. हुसेन निजामशाहाच्या पश्चात् अल्पवयी मुर्तजाच्या नांवानें तिनें कांहीं वर्षें राज्यकारभार चालविला, आणि शेवटीं पुत्राच्या पक्षानें तिला कैदेंत टाकलें. आफ्ताबी नांवाच्या कवीनें हुसेनशाहाच्या स्तुतिपर रचिलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याची सचित्र पोथी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. तिचें भाषांतरासह प्रकाशन १९८७ सालीं झालें. दख्खनी चित्रकलेच्या आरंभींच्या नमुन्यांत तिची गणना होते. तिच्यांतील चित्रांत राजाच्या शेजारीं राणी बसलेली दाखविली होती, आणि पुढें कोणींतरी बहुतेक ठिकाणीं राणीची आकृति पुसून टाकली. राणीचा अधिकार गेल्यावर हें झालें असावें असा तज्ज्ञांचा तर्क आहे.

या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहा. आईस तिच्या स्वतःच्या चित्रांतून पुसलें. मुलीस दुसऱ्याच्या कबरीचें धनीपण दिलें. दोन्हीकडे खोटेंच, एक द्वेषापोटीं आणि एक प्रेमापोटीं. निजामशाहीचा इतिहास शिकवावयास याहून चांगला धडा कोणता? परंतु नगरास डोंगर चढणाऱ्या मुलास पुण्याच्या पोथीची वार्ता नसते, आणि पुण्यास पोथी हाताळणारा अभ्यासक डोंगराच्या पायथ्याशीं काय सांगितलें जातें हें ऐकावयास जात नाहीं. दोहोंमधील अंतर अवघें पाऊणशें मैल आहे.

[६] आतां किल्ला. तो लष्कराच्या ताब्यांत आहे. प्रवेशास कांहीं निर्बंध आहेत व ते समजण्यासारखे आहेत. आंत गेल्यावर कुटुंबें नेमकीं एका जागीं जातात, ती म्हणजे १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे पुढारी जेथें स्थानबद्ध होते तो भाग. तेथें जावेंच. नेहरूंनीं आपला हिंदुस्थानविषयक प्रसिद्ध ग्रंथ १९४४ सालीं येथेंच लिहिला आणि मौलाना आझादांचीं ‘गुबार-इ-खातिर’ या नांवानें छापलेलीं पत्रेंहि येथलींच. एका तटबंदीच्या आंत हीं दोन पुस्तकें लिहिलीं गेलीं, हें ग्रंथप्रेमी माणसानें मुलांस मुद्दाम सांगावें. वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव हेहि त्याच वेळीं येथें होते.

आमची तक्रार आहे ती दुसरी. त्या खोलीपाशीं सहल संपते. हुसेन निजामशाहानें सोळाव्या शतकाच्या मध्यास, १५५९ च्या सुमारास, जुन्या मातीच्या कोटाच्या जागीं हा दगडी कोट उभारावयास घेतला. १५९५ च्या अखेरीस अकबराचा शाहजादा मुराद यानें त्यास वेढा दिला, सुरुंग लावले, एका सुरुंगानें तट उडाला, आणि त्या खिंडारांत चांदबिबी स्वतः शस्त्र घेऊन उभी राहिली व रातोरात खिंडार बुजविलें, असें फिरिस्ता सांगतो. पुढें वऱ्हाड देऊन तह झाला. चांदबिबीचा स्वपक्षीयांकडूनच घात झाल्यावर १६०० सालीं किल्ला मोंगलांनीं घेतला. १७५९ सालीं कवीजंग या किल्लेदारास वश करून पेशव्यांनीं तो न लढतां मिळविला. १७९७ सालीं तो दौलतराव शिंद्यांकडे गेला. १८०३ च्या ऑगस्टमध्यें वेलस्लीनें शिंद्यांच्या लोकांपासून घेतला. तेव्हां एकाच तटाला सुमारें अडीच शतकांत चार धनी झाले आणि त्यांतला प्रत्येक बदल निराळ्या रीतीनें झाला : एक वेढ्यानें, एक पैशानें, एक घरच्या वांटणीच्या राजकारणानें, एक तोफेनें. ही तुलना मुलांस उत्तम समजते. परंतु तट दाखविणारा कोणी नसतो. ज्या खिंडारासाठीं चांदबिबी स्मरणांत राहिली तें खिंडार जेथें पडलें त्या तटाकडे पाठ करून कुटुंब बाहेर पडतें आणि तिचें स्मरण करावयास जिच्याशीं तिचा संबंध नाहीं अशा कबरीवर जातें. भूमीची याहून मोठी थट्टा कोणती?

[७] फराहबागेची कथा थोडी निराळी आहे. मुर्तजा निजामशाहासाठीं १५८३ च्या सुमारास पुरा झालेला हा अष्टकोनी दुमजली प्रासाद एके काळीं तलावाच्या मध्यभागीं होता. आज तो पडझडींत उभा आहे, आणि त्याच्याविषयीं एकच वाक्य ऐकूं येतें कीं, शहाजहानानें हा पाहूनच ताजमहाल बांधला. प्रांताभिमान चांगला, पण त्याला आधार हवा. शहाजहान दक्षिणेंत येऊन गेला होता हें खरें. पण तेवढ्यावरून अनुकरण सिद्ध होत नाहीं. मध्यें घुमटाचें दालन व भोंवतीं खोल्या अशी मांडणी इराणी व तैमुरी वास्तुकलेंत पूर्वींपासून रूढ होती. दिल्लीस हुमायूनची कबर ताजमहालाच्या सुमारें साठ वर्षें आधीं बांधून झाली होती. तेव्हां मोंगल कारागिरांस नमुन्यासाठीं नगरास यावयाचें कारण नव्हतें. अनुकरण झालेंच असें म्हणणाऱ्यानें समकालीन लेख दाखवावा. तो दाखविला जाईपर्यंत हें वाक्य केवळ गौरवाचें समजावें.

अशा वाक्यानें नुकसान हें होतें कीं, फराहबाग फराहबाग म्हणून कोणी पाहात नाहीं. पाणी कोठून आणलें, तलाव कसा भरला, एवढी मोठी वास्तु पाण्यांत उभी कशी केली, हे खरे प्रश्न. नगरच्या निजामशाही पाणीपुरवठ्याच्या नळांचा इतिहास हा स्वतंत्र अभिमानाचा विषय आहे. दुसऱ्याच्या कीर्तींत वांटा मागणाऱ्यास स्वतःच्या धनाचा विसर पडतो. त्याच जातीचें दुसरें उदाहरण मुलुख-इ-मैदान तोफेचें. १५४९ सालीं ती नगरास ओतली गेली. आज ती विजापुरास आहे आणि तेथें जाणारें महाराष्ट्रीय कुटुंब तिला विजापूरचीच समजतें. जी वस्तु निश्चित आपली तिचा पत्ता नाहीं, आणि जी सिद्ध नाहीं तिच्याबद्दल ग्वाही फिरविली जाते.

[८] नगर शहराबाहेरचीं दोन स्थळें थोडक्यांत पाहूं. नेवाशास ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरांनीं ज्ञानेश्वरी सांगितली असें सांप्रदायिक परंपरा मानते, त्या खांबावर एक जुना कोरीव लेख आहे. देवापुढील अखंड वातीच्या तेलाकरितां दिलेल्या दानासंबंधीं तो आहे. भाविक कुटुंब खांबास हात लावून नमस्कार करितें, आणि तें योग्यच आहे. पण त्याच हाताखालीं अक्षरें आहेत हें शंभरांतून एखाद्यासच माहीत असतें. श्रद्धेचा व अभ्यासाचा येथें विरोध मुळींच नाहीं. दिव्याच्या तेलाची तजवीज करणारा तो जुना दाता भाविकासहि आपलाच वाटेल. त्याच नेवाशास १९५४ ते १९५६ या काळांत डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकलियांनीं उत्खनन केलें व मनुष्यवस्तीचा धागा ज्ञानेश्वरांच्याहि मागें हजारों वर्षें नेऊन पोहोंचविला. दर्शनास येणाऱ्या मंडळींस ती जागा दाखविण्याची सोय असती तर एका गांवांत एका दिवसांत किती युगें पाहून झालीं असतीं !

श्रीरामपूर तालुक्यांतील दायमाबाद हें दुसरें. तेथें १९७४ सालीं एका स्थानिक शेतकऱ्यास ब्राँझच्या चार वस्तु सांपडल्या : बैलांचा रथ हांकणारा पुरुष, हत्ती, गेंडा व रेडा. चौघांचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय पुराणवस्तुशास्त्रांत त्यांचें स्थान केवढें आहे हें वाचकांस सांगावयास नको. त्या वस्तु मोठ्या शहरांतील संग्रहालयांत गेल्या, सुरक्षित आहेत, आणि देशांतील विद्वान् त्या पाहूं शकतात. यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र ज्या तालुक्यांत त्या निघाल्या तेथील मुलास त्यांचें दर्शन घडत नाहीं. निदान उत्तम प्रतिकृति जिल्ह्यांत ठेवणें अशक्य नाहीं. रथाची लांबी अवघी हातभर आहे. मोठी जागाहि लागणार नाहीं.

[९] आतां क्रमाच्या दोषाकडे वळूं. रणगाड्यांच्या संग्रहालयास आमचा विरोध नाहीं. १९९४ सालीं लष्करानें स्थापिलेल्या या संग्रहालयांत पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचीं चिलखती वाहनें आहेत, तीं जिवापाड सांभाळलेलीं आहेत, आणि प्रत्येकापुढें त्याची जन्मकथा लिहिलेली आहे. एक गोष्ट कबूल केली पाहिजे : नगरच्या सर्व स्थळांत वस्तु, तिचें नांव, तिचें साल आणि तिचा उपयोग हीं चारहि जेथें ठीक जुळतात असें हेंच स्थळ. जी शिस्त लोखंडास लाभली ती दगडास व कागदास लाभूं नये, हें आपल्यासारख्यांस लाजिरवाणें आहे.

शहरांतील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० सालीं स्थापन झालें. शिल्पें, नाणीं, शस्त्रें, गणेशमूर्ति, जुने नकाशे, आणि मुख्य म्हणजे हस्तलिखितें व मोडी कागद यांचा मोठा संचय तेथें आहे. दोनशें फूट लांबीची म्हणून प्रसिद्ध असलेली जन्मपत्रिका पाहून मुलें थक्क होतात. असें असतां कुटुंबाच्या दिवसांत याचा नंबर शेवटचा लागतो. आमच्या मतें तो पहिला असावा. आधीं कागद, मग दगड. ज्यानें सकाळीं सलाबतखान, फिरिस्ता, हुसेनशाह हीं नांवें ऐकलीं, तो दुपारीं तटावर व सायंकाळीं डोंगरावर निराळ्या डोळ्यांनीं पाहील. उलट क्रमानें जाणारा दमलेल्या मुलांस घेऊन बंद होण्याच्या वेळीं संग्रहालयाच्या दाराशीं येतो आणि कांचेआडचे कागद पाहून न पाहून निघतो.

क्रम बदलण्याचें दुसरें कारण याहून मोठें आहे, आणि त्यासाठींच हा लेख या पृष्ठांत लिहीत आहे. एकदां त्या दालनांत मोडीचें एक पत्र पाहात उभा असतां शेजारचा दहाबारा वर्षांचा मुलगा बापास म्हणाला, ‘‘अण्णा, आपल्या माळ्यावरच्या पेटींत असेच कागद होते ना?’’ बाप क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, ‘‘घर पाडलें तेव्हां रद्दींत घातले.’’ दोघेहि पुढें गेले. त्या पेटींत काय होतें हें आतां कोणासहि कळणार नाहीं. कदाचित् सावकारी हिशेब असतील, कदाचित् एखादी सनद. पण हा बाप घर पाडण्यापूर्वीं एकदां तरी मुलास घेऊन तेथें आला असता, तर त्याच्या हातून ती पेटी गेली नसती, असें आम्हांस निश्चित वाटतें.

आपण संग्राहक खेडोपाडीं हिंडून दप्तरें शोधीत आलों. राजवाड्यांपासून चालत आलेली ती रीत थोर आहे. पण तिची मर्यादाहि स्पष्ट आहे. शोधणारे मूठभर आणि माळे लाखों. जुने वाडे आतां इतक्या वेगानें पडत आहेत कीं, आपण पोहोंचण्यापूर्वींच रद्दीवाला पोहोंचतो. पेटी उघडणारा माणूस घरांतलाच असतो. आणि आपल्या घरांतील कागद म्हणजे इतिहास, हें त्याला समजण्याची जागा एकच : असाच दुसऱ्या कोणाचा कागद कांचेआड मानानें ठेवलेला पाहाणें. म्हणजे सहकुटुंब सहल ही केवळ करमणूक अथवा मुलांचा अभ्यास नव्हे. संशोधनाचें तें पहिलें पाऊल आहे. तिला आपण हलकी समजत आलों हा आपला दोष.

[१०] दोष दाखविला म्हणजे उपायहि सांगावा लागतो. ते खर्चाचे नाहींत. पहिला, प्रत्येक स्थळीं एक मराठी पाटी असावी व तींत दोन भाग वेगळे असावे : ‘साधनें काय सांगतात’ आणि ‘लोक काय सांगतात’. दुसरा, संग्रहालयांतील निवडक कागदांच्या छायाप्रति, मोडी मजकूर व त्याखालीं बालबोध वाचन अशा, त्या त्या स्थळाजवळ मांडाव्या. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’मधील पुसलेल्या राणीच्या चित्राची एक छायाप्रति नगरास असावी, ज्या शहरांत तिनें राज्य केलें तेथें ती निदान कागदावर तरी परतावी. तिसरा, प्रत्येक संग्रहालयांत एक मेज असें असावें कीं, जेथें कोणीहि आपल्या घरचा एक कागद आणावा, जाणत्यानें तो वाचून दाखवावा, त्याची नोंद करावी, आणि कागद मालकास परत द्यावा. परत देणें महत्त्वाचें आहे. कागद हिरावला जाईल या भीतीनें पुष्कळ पेट्या बंद राहातात, आणि ही भीति निर्माण करण्यांत आपल्या वर्गाचाहि हात आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. वाचावयास नेलेले कागद वर्षानुवर्षें परत न गेल्याच्या कथा कोणत्या जिल्ह्यांत नाहींत?

मुलांस इतिहास रुचत नाहीं असें सर्रास म्हणतात. आमचा अनुभव तसा नाहीं. मुलांस पाठांतर रुचत नाहीं; शोध रुचतो. महालांत थडगीं कशीं असें विचारणाऱ्या त्या मुलीस घरीं आल्यावर फिरिस्त्याचा वृत्तांत सोप्या भाषेंत सांगितला. तिनें तो शांतपणें ऐकला आणि विचारलें, ‘‘मग चांदबिबीची कबर कोठें आहे?’’ सांगण्यासारखें निश्चित उत्तर आजोबांपाशीं नव्हतें व तसें त्यांनीं तिला सांगितलें. तिला त्याचें वाईट वाटलें नाहीं. पुढच्या सुट्टींत आपण तें शोधूं, असें ती म्हणाली.

तात्पर्य, सहकुटुंब स्थलदर्शनाचा हा प्रघात मूळचा उत्तम आहे, त्याची सामग्री विपुल आहे, आणि त्याचे वाचक इतर कोणत्याहि ग्रंथास मिळणार नाहींत इतके आहेत. उणीव आहे ती संपादनाची. तें काम आपलें आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील संग्राहकांनीं आपापल्या गांवच्या एका दिवसाच्या सहलीचा असाच विचार करून, कोणतें स्थळ कोणत्या खोट्या नांवानें ओळखलें जातें आणि त्याविषयीं कोणता अस्सल कागद आपल्या संग्रहीं आहे, हें या त्रैमासिकाकडे लिहून कळवावें, अशी विनंती आहे.